काळ्या मातीतला प्लॉट: पाया किती खोल, जोतं किती उंच, गच्चीचं काय?

नवं_जोतं
परभणीजवळ ३० बाय ४० चा प्लॉट आहे. पूर्वी शेत होतं, सगळी काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळमजला साधारण ७०० चौरस फूट, पुढेमागे वर एक मजला चढवायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतात, पाच फूट खोदून डबराचा पाया भरू, वर जोतं आणि वीटकाम. आजूबाजूच्या घरांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतात म्हणून विचारतोय. पाच फूट पुरे का? खोदलेली माती जोत्यात भरली तर मुरमाचा खर्च वाचेल का? गच्ची तापू नये म्हणून काय करावं? फरशी, ओटा, रंग यांचंही बजेट ठरवायचं आहे.

ओळंबा
दादा, रंग-फरशीचं नंतर बघू. पाच फूट पुरे की नाही हे मिस्त्री सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही. ते खड्डा सांगतो. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने १० फुटांपर्यंत खड्डे घ्या आणि थर बघा. आपल्याकडे वर काळी माती, खाली पिवळसर चुनखडी मिसळलेला थर, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. बदलते ती जाडी. बालाघाट डोंगराच्या अंगाला दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, गोदाकाठाला काळी माती खूप खोल जाते. जवळपास उघडी विहीर असेल तर तिची कड बघून या, थर तिथंच दिसतात.

खड्ड्यात कोणी उतरू नका. काळ्या मातीची कड सुकली की ढासळते. निघालेली माती कडेपासून चार फूट लांब टाका. कड्यावर ढीग ठेवला तर त्याच वजनाने कड आत येते.

दोन-दोन किलो माती वेगवेगळ्या खोलीवरून पिशवीत घ्या, पिशवीवर खोली लिहा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी माती प्रयोगशाळेत 'फ्री स्वेल इंडेक्स' करून घ्या. चाचणी सोपी असते. १० ग्रॅम कोरडी चाळलेली माती एका नळीत पाण्यात आणि दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक टक्क्यांत काढतात. आकडा ५० च्या वर गेला तर पाया त्या मातीवर टेकवायचाच नाही, असं धरून चला.

गोदाकाठ
भेगांचं कारण लिहितो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आकसते. घर बांधलं की घराखालची माती झाकली जाते आणि ओल धरून राहते. भिंतीबाहेरची माती मात्र मे महिन्यात सुकते आणि ऑगस्टमध्ये भिजते. म्हणजे घराच्या कडा दरवर्षी खालीवर होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. त्या ओढाताणीत भिंत सगळ्यांत कमजोर जागी फाटते, आणि ती जागा म्हणजे खिडकी-दाराचा कोपरा. शेजारच्या तिरप्या भेगा नेमक्या त्याच आहेत. तिथं पुन्हा पुन्हा पुट्टी भरून काही होत नाही, पुढच्या उन्हाळ्यात भेग परत उघडते.

ही हालचाल साधारण साडेतीन मीटर, म्हणजे ११-१२ फुटांपर्यंत होते. म्हणून काळी माती खोल असेल तर पाच फुटांचा डबर पाया नुसता महाग पडतो, उपयोग होत नाही.

गुण्या
सहमत. मग पर्याय दोनच राहतात.

मुरूम आठ-नऊ फुटांच्या आत असेल तर कॉलम फूटिंग, म्हणजे प्रत्येक खांबाखालचा काँक्रीटचा पाया, थेट मुरमावर न्यायची. मऊ मुरमावर थांबू नका. पहारीचा घाव घातल्यावर पहार उसळली पाहिजे, रुतता कामा नये. तिथं अर्धा फूट आत शिरायचं, तळ सपाट करायचा आणि त्याच दिवशी ४ इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, टाकायचा. तळ उघडा ठेवला आणि मध्येच पाऊस आला तर वरचा थर लोण्यासारखा होतो आणि तो पुन्हा खरवडावा लागतो. फूटिंगच्या सळईला खाली ५० मिमी कव्हर ब्लॉक द्या. विटेचा तुकडा ठेवू नका, तो पाणी ओढून सळईपर्यंत नेतो.

मुरूम सापडलाच नाही तर अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हीच माती डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत विकसित केली. ३०० मिमी व्यासाचं भोक ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने, साडेतीन मीटर किंवा जास्त खोल घेतात, तळाशी खास कटरने त्याचा व्यास अडीच पट, म्हणजे ७५० मिमी करतात, पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. वरची माती फुगून पाइल उचलायला लागली की खालचा फुगा पाइलला धरून ठेवतो. दोन पाइलमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर तरी अंतर हवं. भोक पाडलं त्याच दिवशी काँक्रीट झालं पाहिजे. तळाची सुटी माती काढून घेतल्याशिवाय भरू देऊ नका, तीच खाली दबते आणि पाइल बसतो.

किती पाइल, किती सळई हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावरच ठरवा. वर मजला चढवायचा असेल तर आत्ताच त्याला सांगा, नंतर सांगून पाया वाढत नाही.

नवं_जोतं
खड्डे घेतले. एका कोपऱ्यात साडेसहा फुटांवर पिवळा मुरूम, आठ फुटांवर कडक. दुसऱ्या कोपऱ्यात कडक मुरूम नऊ फुटांवर. म्हणजे फूटिंगच ना? आणि जोत्यात काळी माती भरायचं कोणीच काही बोललं नाही.

ओळंबा
हो, फूटिंग. प्रत्येक फूटिंग आपापल्या खड्ड्यात कडक मुरूम लागेल तिथं टेकवा. एक आठ फुटांवर आणि दुसरी नऊ फुटांवर असली तरी चालतं, कॉलमची उंची बदलते इतकंच. सगळ्या एका पातळीवर आणायच्या नादात एखादी मऊ थरावर ठेवू नका.

काळी माती जोत्यात अजिबात नको. एक पाटीसुद्धा नको. बाथरूमची एखादी नळी झिरपली तरी ती आतून फुगते आणि फरशी मधोमध उचलते. जोत्यात मुरूमच भरा. हिशेब असा: ७०० चौरस फुटांवर २ फूट म्हणजे १४०० घनफूट, म्हणजे १४ ब्रास. दबल्यावर तो कमी होतो, म्हणून २५ टक्के जास्त धरून साडेसतरा-अठरा ब्रास मागवा. भरताना ६ इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. दोन फूट एकदम ओतून वरून पाणी सोडलं तर वरचा अर्धा फूट तेवढा दबतो. खालचा पोकळ राहतो आणि वर्षभरात फरशी बसते.

फूटिंगच्या खड्ड्यांत कॉलमभोवतीही मुरूमच भरायचा. वाळू नको. वाळूतून पाणी झर्रकन खाली उतरतं आणि तो खड्डा आतल्या आत हौद होतो.

उदगीरकर
ओळंबा, पूर्ण प्लॉटवर एक मीटर मुरमाचा दाबलेला थर टाकून वर बांधायचं, असंही सुचवतात. त्याचं काय?

ओळंबा
ती सीएनएस पद्धत. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी मांडली. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर काळ्या मातीवर दाबला की खालचा फुगवटा अडतो. कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली गेली आहे. अंगणाला, गेटच्या रस्त्याला उत्तम. पण नऊ फुटांत कडक मुरूम मिळतोय, तर दोन मजल्यांच्या घराला फूटिंगच सरळ पडेल.

गुण्या
प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरचा बीम, त्याबद्दल एक गोष्ट, कारण बहुतेक ठिकाणी इथंच चुकतं. बीम काळ्या मातीवर टेकवून ओतला तर पावसाळ्यात माती खालून त्याला वर ढकलते. पाया कितीही खोल गेलेला असला तरी भेग पडते. बीमच्या तळाखाली ३ इंच, म्हणजे ८० मिमी मोकळी जागा सोडायची. बीम कडक झाल्यावर तळाची फळी आणि खालचं भरण काढून घ्यायचं. मग त्या फटीत मुरूम घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी शहाबादीचे तुकडे उभे लावायचे. शहाबादी बीमला सिमेंटने चिकटवू नका, नुसती टेकवा. सेंट्रिंगवाला म्हणेल, कशाला एवढा खटाटोप. करून घ्याच.

सीमा_धाराशिव
आमच्याकडे खेड्यात आरसीसी फ्रेम परवडत नाही, वीट-दगडाच्या भिंतींवरच स्लॅब टाकतात. मुरूम तीन फुटांवर आहे. तिथं काय काळजी घ्यायची?

उदगीरकर
ताई, मुरूम तीन फुटांवर असेल तर भिंतींचं घर चांगलं होतं, पण काँक्रीटचे आडवे पट्टे गाळू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडची जी घरं पडली, त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद हीच बहुतेकांची रचना होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसला की बाहेरचा थर बाहेर, आतला आत, आणि वरचं माळवद खाली.

म्हणून जोत्यावर एक आणि खिडक्या-दारांच्या माथ्यावर एक असा काँक्रीटचा अखंड पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरला पाहिजे, मधल्या भिंतींवरूनसुद्धा. जाडी ३ इंच, १० मिमीच्या दोन सळया, दर ६ इंचांवर ६ मिमीचा आडवा तुकडा. कोपऱ्यात सळई कापून थांबवायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. नुसत्या खिडकीवर लिंटेल टाकून मध्ये पट्टा तोडला तर त्याचा उपयोग नाही. दगडी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला एक आरपार दगड घाला. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओता, मध्ये एक सळई टाकून. खिडकी-दार कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा.

थापी
स्लॅबवर येतो. ७०० चौरस फूट, ५ इंच जाडी म्हणजे सव्वाआठ घनमीटर काँक्रीट. एम २० ला, म्हणजे १ : दीड : ३ ला, फक्त स्लॅबसाठी ६५-६६ बॅगा सिमेंट, सव्वा ब्रास वाळू, अडीच ब्रास खडी. बीम वेगळे. माप घमेल्याने घेऊ नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. सव्वा घनफुटाचा लाकडी फर्मा करून घ्या. एक बॅग सिमेंट बरोबर तेवढीच भरते, म्हणजे दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी.

पाणी बॅगेला २५-२७ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सगळ्यांत जास्त नुकसान इथंच होतं. मजूर सोपं पडावं म्हणून पाणी वाढवतात. काँक्रीट छान पसरतं, पण जादा पाणी उडून गेल्यावर आत बारीक पोकळ्या राहतात आणि गच्ची गळते. मिक्सरजवळ २० लिटरचा डबा खूण करून ठेवा आणि एक माणूस फक्त पाण्यावर उभा करा.

पाणी कोणतं, तेही बघा. बोअरचं पाणी खारट असेल तर आधी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. आरसीसीला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सल्फेट ४०० च्या आत. त्यापुढे गेलं की सळई आतून गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटतात. तेच पाणी गिलाव्याला वापरलं की भिंतीला लोणा लागतो.

वाळूही तपासा. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर गाडी परत पाठवा.

नवं_जोतं
स्लॅब एप्रिल-मेमध्ये येईल असं दिसतंय. ऊन ४२-४३. चालेल का?

थापी
चालेल, पण दुपारी नको. पहाटे सुरू करून दहाच्या आत उरका, किंवा संध्याकाळी दिवे लावून. खडीवर आदल्या रात्री पाणी मारा, सेंट्रिंगच्या पत्र्यावर आणि सळईवर ओतायच्या आधी. काँक्रीट ४० अंशांपुढे तापलं तर ओतायचं नाही. गरम वारा असेल तर वरचं पाणी तासाभरात उडतं आणि स्लॅबच्या पाठीवर जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून रंधा मारून झाला की लगेच प्लास्टिकचा कागद अंथरा, आणि पाय उमटेनासा झाला की वाफे करून पाणी भरा. ७०० चौरस फुटांवर २ इंच पाणी म्हणजे ३,३०० लिटर. ५,००० चा एक टँकर आधीच बोलून ठेवा. टंचाई असेल तर ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, त्यात पाणी बरंच कमी लागतं. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४. तीन दिवस मारून सोडलेलं पाणी म्हणजे अर्धं सिमेंट वाया.

टेकू काढायची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, बीमला १४, हा ओपीसीचा, म्हणजे साध्या सिमेंटचा, हिशेब आहे. पीपीसी असेल तर त्याहून जास्त थांबा.

गोदाकाठ
गच्ची तापण्यावर आपल्याकडे जुना आणि चांगला उपाय म्हणजे ब्रिकबॅट कोबा, वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. विटांचे तुकडे उष्णता अडवतात, पांढरा रंग ती परतवतो. पण कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं, म्हणून इंजिनिअरला स्लॅब डिझाइन करायच्या आधीच सांगा. ढाळ १०० ला १ तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. कठड्याच्या मुळाशी सगळीकडून वाटा, म्हणजे गोलाई, फिरवा, काटकोन ठेवला तर पाणी तिथूनच शिरतं. झाल्यावर गच्ची ७२ तास पाण्याने भरून ठेवा आणि खालून छत बघा. ओल दिसली तर कोब्याच्या ठेकेदाराकडून तेव्हाच दुरुस्ती होते.

वरचा मजला पुढेमागे चढणार असेल तर मात्र आत्ता कोबा करू नका, तो फोडावा लागेल. त्यापेक्षा वॉटरप्रूफिंगचा पातळ थर आणि वर पांढरा परावर्तक रंग. पैसे फारच कमी असतील तर दोन हात चुना. तो पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्याला परत मारायचा. पण खोलीत फरक जाणवतो.

पश्चिमेच्या भिंतीला नऊ इंची वीट ठेवा, संडास-बाथरूम-जिना त्या बाजूला टाका, आणि खिडकीवर दोन फुटी छज्जा.

सीमा_धाराशिव
पश्चिमेला कडुनिंब लावला तर सावलीही होईल ना?

गोदाकाठ
काळ्या मातीत भिंतीजवळ मोठं झाड नको, ताई. मुळं माती सुकवतात आणि तेवढाच कोपरा खाली बसतो. कडुनिंब, पिंपळ, उंबर, नीलगिरी यांची पूर्ण वाढीची उंची जितकी, तितकं अंतर घरापासून ठेवावं. ३० बाय ४० मध्ये ते बसत नाही. शेवगा, डाळिंब, कढीपत्ता कंपाउंडच्या कडेला चालतील. भिंतीला लागून वाफे करून रोज पाणी घालणं तितकंच वाईट. तिथं कुंड्या ठेवा.

घराभोवती चार फूट रुंद कोबा करा: खाली ९ इंच दाबलेला मुरूम, वर प्लास्टिकचा कागद, वर ४ इंच काँक्रीट, बाहेरच्या बाजूला दीड इंच ढाळ. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवून डांबर भरा. दर पाच फुटांवर सांधा कापा. हा कोबा भिंतीलगतची माती सुकूही देत नाही आणि भिजूही देत नाही, म्हणून मला तो रंगापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

उदगीरकर
पाणी साठवण्याचंही लिहा. ७०० मिमी पाऊस धरला तर ७०० चौरस फूट गच्चीवर साधारण ४५,५०० लिटर पडतं, ८० टक्के हाती आलं तरी ३६,००० लिटर. गच्चीवरून ४ इंची पाइप, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला टी आणि झाकण, मग टाकी.

गुण्या
टाकी हवीच. पण शोषखड्डा किंवा बोअर पुनर्भरणाचा खड्डा भिंतीपासून १५ फूट तरी लांब, प्लॉटच्या उताराच्या टोकाला. सेप्टिक टँकचा शोषखड्डाही तसाच. पाऊसपाणी जिरवण्याच्या उत्साहात लोक तो खड्डा कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी काढतात. आणि त्याची तळाची पातळी काळ्या मातीत संपवू नका, ती पाणी पीत नाही. मुरमापर्यंत न्या.

थापी
आता फरशी-रंग, थोडक्यात. शहाबादी कलबुर्गीकडची, आपल्याला जवळ पडते, स्वस्त, उन्हाळ्यात पायाला गार. एकाच जाडीचे नग निवडून घ्या, नाहीतर घासायला दुप्पट वेळ जातो. टाइल्स असतील तर भिंतीच्या कडेला ८-१० मिमी फट सोडा, वर स्कर्टिंग येतं, दिसत नाही. फरशी भिंतीत घट्ट अडकवली की जोतं जरा बसलं तरी तडकते. ओटा ३२ ते ३४ इंच उंच, २ फूट रुंद. खालचे कप्पे कडाप्प्याचे. वीट आणि काँक्रीट जिथं भेटतं तिथं गिलाव्याआधी कोंबडी जाळी दोन्ही बाजूंना ६-६ इंच जाईल अशी ठोका. पुट्टी गिलाव्यानंतर महिनाभराने. ओल्या भिंतीवर लावली तर फुगे येतात. पश्चिमेला गडद रंग नको.

नवं_जोतं
कंपाउंड वॉलला एवढा खोल पाया परवडणार नाही. ती कशी करावी?

गुण्या
सलग पाया नकोच. दर आठ फुटांवर एक खांब, ऑगरने १० फूट खोल १० इंची भोक घेऊन काँक्रीट भरायचं, वर जमिनीपासून ३ इंच उचललेला बीम, त्यावर सहा इंची भिंत. खालची फट बंद करायला तीच शहाबादी उभी टेकवा. दर २० फुटांवर भिंत आणि बीम दोन्ही तोडून अर्ध्या इंचाचा सांधा द्या, तिथं दोन खांब शेजारी-शेजारी येतील. आणि कंपाउंड घराच्या भिंतीला कुठेही जोडू नका, गेटच्या खांबापाशीसुद्धा.